पंगतींतला बर्गर

गेल्या महिन्यांत आपण लोणच्याच्या बरणीविषयीं बोललों. ह्या खेपेस जो विषय घेतला आहे तो पाहून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. ज्या घरांत सोळा ते पंचवीस वयाचीं मुलें आहेत त्या घरांत हा विषय आपल्या पायांनीं चालत आलेलाच आहे, आणि दार लावून घेतल्यानें तो परत जाईल असें मला वाटत नाहीं. तेव्हां त्यास ओसरीवर बसवून नांवगांव विचारणें हेंच शहाणपणाचें.

नांवापासूनच आरंभ करूं. जर्मनींत हांबुर्ग नांवाचें मोठें बंदर आहे. त्या शहराच्या नांवावरून मांसाच्या एका पदार्थास अमेरिकेंत 'हॅम्बर्गर' म्हणूं लागले. शब्दाची खरी फोड 'हॅम्बर्ग' आणि 'अर' अशी. नागपूरचा तो जसा नागपुरी, तसा हांबुर्गचा तो हॅम्बर्गर. परंतु इंग्रजींत 'हॅम' म्हणजे डुकराचें मांस, हा अर्थ लोकांच्या कानांत आधींच बसलेला. त्यांनीं शब्द भलत्याच ठिकाणीं तोडला, 'बर्गर' तेवढा वेगळा काढला, आणि त्याच्या पाठीमागें वाटेल तें जोडण्यास सुरुवात केली. ह्यास हंसण्याचें कारण नाहीं. आपल्या गीर्वाणभाषेंतहि हेंच झालेलें आहे. 'असुर' हा मूळचा अखंड शब्द. त्यांतील 'अ' नकारार्थी समजून 'सुर' म्हणजे देव असा नवा शब्द निघाला. 'विधवा' हाहि मूळचा एकसंध शब्द. त्यांतील 'वि' हा उपसर्ग मानून 'धव' म्हणजे पति हा शब्द कोशांत येऊन बसला. चुकीच्या पदच्छेदांतून देव निघाले आणि नवरे निघाले. मग भाज्यांचा बर्गर निघाला तर त्यांत नवल तें काय?

दुसरा शब्द 'व्हीगन'. डोनाल्ड वॉटसन हा इंग्लंडांतील सुतारकामाचा शिक्षक. दूध आणि अंडींसुद्धां वर्ज्य करणाऱ्या कांहीं सोबत्यांसह त्यानें १९४४ च्या नोव्हेंबरांत, महायुद्ध चालूं असतांना, एक संस्था काढली. तिच्यासाठीं नांव हवें होतें, म्हणून 'व्हेजिटेरियन' ह्या शब्दाचा आरंभ आणि शेवट घेऊन 'व्हीगन' हा शब्द बनविला गेला. वाचकांपैकीं ज्यांनीं लघुकौमुदी घोकली असेल त्यांना येथें पाणिनीच्या प्रत्याहाराची आठवण होईल. फरक इतकाच कीं, प्रत्याहारांत मधलीं अक्षरें गृहीत धरलेलीं असतात, आणि येथें मधलें सगळें गाळलेलें आहे. दूध, दहीं, ताक, लोणी, तूप, अंडीं, मध, सर्व वर्ज्य. आपल्या पंचामृतांतल्या पांच वस्तूंपैकीं चार ह्या मंडळींस चालत नाहींत. उरते ती एकटी साखर. (आणि परदेशांत कोठें कोठें साखर पांढरी करण्यासाठीं हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून तेथील व्हीगन लोक तिचीहि चौकशी करतात. आपल्याकडील साखर कारखान्यांत बहुधा गंधकाच्या धुरानें रस शुद्ध करतात, तेव्हां येथें ती अडचण सहसा येत नाहीं.)

आतां खरी अडचण कोठें आहे ती पाहूं. शाकाहार आपल्या घरांस नवा नाहीं. मांस सोडलेला मुलगा आपल्या घरांत कौतुकाचा विषय होत नाहीं, कारण त्यानें तें कधीं धरलेलेंच नसतें. परंतु दूध सोडलेली मुलगी ही आपल्या स्वयंपाकघरास कोडें घालते. आपल्या जेवणाचा आरंभच मुळीं तुपानें होतो. पानावर भाताची मूद पडली, वरण आलें, कीं त्यावर तुपाची धार. आणि तिला आपण नांव दिलें आहे 'अन्नशुद्धि'. तूप पडेपर्यंत अन्न शुद्ध झालें नाहीं असें ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानलें गेलें, त्या घरांत कोणी पानावर हात आडवा धरून 'तूप नको' म्हणालें, तर तें वाढणाऱ्या बाईच्या जिव्हारीं लागतें.

आमच्याच घरीं हें घडलें. तीन पिढ्या, अकरा माणसें, एक स्वयंपाकघर. माझी चुलतनात महाविद्यालयांत शिकते. तिनें एके दिवशीं असा हात आडवा धरला. माझ्या थोरल्या वहिनी, म्हणजे तिच्या सख्ख्या आजी, ऐंशीच्या पुढें असूनहि तूप स्वतः कढवितात आणि स्वतःच वाढतात. त्यांनीं पळी मागें घेतली, भांड्यावर झांकण ठेवलें, आणि त्या रात्रीं जेवल्या नाहींत. मुलगी उद्धट नव्हे. ती इतकेंच म्हणाली होती, "आजी, रागावूं नकोस. पण वासराचें तोडून आणलेलें मला आतां जात नाहीं." ह्यावर आजीचें उत्तर असें कीं, "आमच्या गोठ्यांत वासरूं आधीं प्यायचें, मग आम्ही काढायचों. तूं मला शिकवतेस?" दोघींचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें, आणि म्हणूनच तें मिटेना. हळूहळू मुलगी आपलें ताट घेऊन माडीवर जाऊं लागली. मग ताटहि राहिलें आणि बाहेरून पुडकीं येऊं लागलीं. दोन महिने असें चाललें. एका छपराखालीं दोन चुली पेटल्या म्हणजे घर वेगळें व्हावयास वाटणीपत्राची गरज लागत नाहीं, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना मी अधिक काय सांगावें?

आजीबाईंचा गोठा आतां राहिला नाहीं, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. आज शहरांत येणारें दूध पिशवींतून येतें, आणि त्या पिशवीमागच्या गोठ्यांत गोऱ्ह्याचें आणि रेडकाचें काय होतें हें आपल्यापैकीं थोड्यांनींच जाऊन पाहिलें असेल. मुलांचा प्रश्न तेथून उगवतो. तो आजचाहि नव्हे. गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना दूध सोडलें, त्याचें एक कारण गाईम्हशींच्या छळाविषयीं त्यांनीं वाचलेली माहिती हें होतें. 'फुका' म्हणून एक दुष्ट प्रकार गवळी करीत; १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें तो शिक्षेस पात्र आहे. पुढें १९१८-१९ च्या दुखण्यांत गांधीजींची प्रकृति फार खालावली, डॉक्टर दुधाचा आग्रह धरूं लागले, आणि व्रत तर मोडवेना. तेव्हां वाट काढली ती कस्तुरबांनीं: व्रत घेतलें तेव्हां मनांत गाय आणि म्हैस होती, शेळीचें दूध घेण्यास हरकत काय? गांधीजींनीं तें घेतलें, पण व्रताचें अक्षर राखलें आणि आत्मा गमावला ही टोंचणी त्यांनीं आत्मचरित्रांत नोंदून ठेवली आहे. मला ह्यांत गांधीजींपेक्षां कस्तुरबा अधिक जवळच्या वाटतात. स्वयंपाकघर ज्यांच्या हातीं असतें त्यांना तत्त्वहि राखावें लागतें आणि माणूसहि जगवावें लागतें.

आमच्या घरांत वाट निघाली ती सुरणाच्या कापांतून. एका रविवारीं वहिनी काप करीत होत्या. सुरणाच्या चकत्या आमसुलाच्या पाण्यांत वाफवून, तिखटमीठ लावून, रव्यांत घोळवून तव्यावर तेलांत परतलेल्या. मुलगी पाणी घेण्यास आंत आली आणि तव्याकडे पाहून थबकली. "आजी, ह्यांत तूप नाहीं ना?" "कापांना कोण तूप घालतो?" "मग हें माझें चालतें." त्यानंतर ती तेथेंच पाट ओढून बसली. अर्ध्या तासानें दोघींची चर्चा, दोन पावांच्या मध्यें हाच काप घातला तर तो सुटून येईल कीं नाहीं, इथपर्यंत गेली होती. पुढील रविवारीं जो पदार्थ झाला तो वहिनींच्या हाताचा होता आणि नातीच्या कल्पनेचा होता. त्याची कृति पुढें देतों. सांगावयाचें इतकेंच कीं, त्या दिवशीं पंगत एक बसली, आणि भातावर तूप वाढण्याचें काम आजींच्या गुडघ्यांमुळें नातीकडे आलें, तें तिनें मुकाट्यानें केलें. स्वतःचें पान तेवढें वगळून.

"हा परदेशी प्रकार आपल्या घरांत कशाला" असें म्हणणारांस एक विनंति आहे. उपासाला आपल्याला काय चालतें तें आठवावें. बटाटा, रताळें, मिरची, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद. ह्यांपैकीं प्रत्येक वस्तु मूळची अमेरिका खंडांतली. आपली एकादशी, फराळापुरती तरी, केव्हांच समुद्रापार जाऊन आली आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटें पुढें आलीं त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें, हें आपण वाचलेलें आहे. तीं बिस्किटें आज देवघराशेजारच्या फडताळांत डब्यांत भरलेलीं असतात. आणि एक गंमत पाहा. बेसनांत बुडवून तेलांत तळलेला बटाटेवडा, लसणीची कोरडी चटणी आणि साधा पाव, ह्यांत गाईम्हशीचा संबंध कोठें आहे? पावास लोणी लावलें नाहीं, आणि भट्टीवाल्यानें कणकेंत दूध घातलें नाहीं, म्हणजे आपला वडापाव हा शुद्ध व्हीगन बर्गरच झाला. थालिपीठ तेलावर लावलें आणि वर लोण्याचा गोळा ठेवला नाहीं, कीं तेंहि तसेंच. अळूचें फदफदें, पिठलें-भाकरी, भरलें वांगें, कोथिंबिरीची वडी, डाळिंब्यांची उसळ. यादी करूं लागलों तर पान पुरणार नाहीं. वडा ही तर आपली फार जुनी मिरास आहे. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें 'मानसोल्लास' ग्रंथ रचला, त्यांत वटकाचें वर्णन आहे.

आतां कृतीकडे वळूं. भाज्यांची टिक्की बिघडते ती बहुतेक एकाच कारणानें, आणि तें कारण म्हणजे पाणी. गाजरांत आणि बिटांत वजनाच्या जवळजवळ सात-अष्टमांश पाणी असतें, कोबींत त्याहून अधिक, आणि दुधी तर केवळ आकार घेतलेलें पाणीच. तव्यावर पाणी सुटूं लागलें कीं टिक्की वाफते, पण खरपूस होत नाहीं. कारण असें: जोंवर पृष्ठभाग ओला आहे तोंवर त्याची उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाहीं, आणि पदार्थास जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो साधारण एकशेंचाळीस अंशांच्या पुढें भराभर येतो. प्रथिनें आणि शर्करा ह्यांच्या संयोगाची ही क्रिया लुई कामी मेयार ह्या फ्रेंच रसायनज्ञानें १९१२ सालीं वर्णिली. म्हणून किसलेल्या भाजीस आधीं मीठ चोळावें, पंधरा-वीस मिनिटें ठेवावें, आणि स्वच्छ फडक्यांत घट्ट पिळून काढावी. तें पाणी फेंकूं नये. पावाची कणीक भिजविण्यास तें उत्तम. मात्र मग पुढें मीठ घालतांना हात आंखडता घ्यावा.

आठ टिक्क्यांस प्रमाण असें. सुरण ३०० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, बीट १०० ग्रॅम, एक मोठा बटाटा, रात्रभर भिजवून शिजविलेले हरभरे सपाट दोन वाट्या, खमंग भाजलेलें बेसन किंवा थालिपिठाची भाजणी पाव वाटी, जवसाची पूड दोन मोठे चमचे. आलें, हिरवी मिरची, कोथिंबीर, गोडा मसाला एक चमचा, लिंबाचा रस आणि मीठ.

सुरण सोलतांना हातांस तेल लावावें. त्यांत चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि तेच खाजवितात. आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यांत चांगला शिजविला म्हणजे तो त्रास जातो. शिजल्यावर निथळून, पंख्याखालीं कोरडा करून कुसकरावा. बटाटा सालीसकट उकडावा आणि पूर्ण गार झाल्यावरच किसावा. गरम बटाटा यंत्रांत फिरविला तर त्यांतील पिष्टाचे कण फुटून चिकट राळ होते. गार बटाट्याचें पिष्ट घट्ट झालेलें असतें आणि तें भाजीस धरून ठेवतें. हरभरे निथळून बत्त्यानें अर्धवट ठेंचावे. वाटून पेस्ट करूं नये, दांतांस कांहीं लागलें पाहिजे. हरभऱ्यांऐवजीं मसूर, चवळी, डाळिंब्या, जें घरांत असेल तें चालेल. राजमा घेणार असाल तर तो भिजवून, पाणी फेंकून, नव्या पाण्यांत दहा मिनिटें तरी खळखळून उकळावा आणि मग शिजवावा. कच्च्या राजम्यांत पोट बिघडविणारें एक द्रव्य असतें आणि मंद आंचेवर नुसता कोमट ठेवल्यानें तें जात नाहीं.

जवसाविषयीं दोन शब्द अधिक सांगतों. विलायती पुस्तकांत टिक्की बांधून ठेवण्यासाठीं अंडें फोडून घालावयास सांगतात. तेथील व्हीगन मंडळींनीं शोध लावला कीं, एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यांत दहा मिनिटें भिजविली म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत गोळा होतो आणि तोच अंड्याचें काम करतो. विदर्भमराठवाड्यांतील बायका जवसाची चटणी करीत आल्या आहेत, पण भिजलेल्या जवसाच्या ह्या चिकटपणाचा उपयोग आपल्याकडे फारसा झाला नाहीं. आतां करावा. तीच गोष्ट हरभऱ्याच्या पाण्याची. हरभरे शिजविलेलें पाणी घुसळलें असतां अंड्यासारखा फेंस धरतें हें कळल्यावर २०१५ सालीं त्यास 'अ‍ॅक्वाफाबा' असें भारदस्त लॅटिन नांव मिळालें. अर्थ एवढाच कीं 'शेंगदाण्याचें' नव्हे, तर 'शेंगेंतल्या दाण्याचें पाणी'. ज्या घरांत पुरणाचा कट टाकून न देतां त्याची आमटी करतात त्या घरास डाळीच्या पाण्याचें मोल लॅटिनमधून शिकावें लागणार नाहीं.

सर्व जिन्नस एकत्र मळून आठ गोळे करावे. हातांस तेल लावून अर्ध्या इंचाहून थोड्या जाड टिक्क्या थापाव्या. मांसाचा तुकडा तव्यावर आक्रसतो म्हणून तिकडे तो पावापेक्षां मोठा थापतात. भाजीची टिक्की तितकी आक्रसत नाहीं, तेव्हां ती पावाएवढीच असावी. रव्यांत किंवा तांदुळाच्या जाडसर पिठींत घोळवून अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी. ही अर्ध्या तासाची उसंत कोणासहि गाळूं देऊं नये. तेवढ्या वेळांत भाजणी ओलावा पिते आणि टिक्कीचें अंग आवळतें. मग जाड तव्यावर तेल सोडून मध्यम आंचेवर एकेक बाजू चार-पांच मिनिटें भाजावी. खालून कवच धरलें कीं टिक्की आपोआप सुटते. त्याआधीं उलथनें घालणें म्हणजे तिची भाजी करणें होय.

चातुर्मासांत जीं घरें कांदालसूण वर्ज्य करतात त्यांनीं वरील कृति जशीच्या तशी करावी. तींत कांदा नाहींच, हें चाणाक्ष गृहिणींच्या ध्यानांत आलें असेल. फोडणींत हिंग मात्र सढळ हातानें घालावा.

पावाविषयीं थोडक्यांत. बाजारचा पाव आणावयाचा तर भट्टीवाल्यास दूध, दुधाची भुकटी, लोणी घातलें आहे काय एवढें विचारावें. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून थांबूं नये. तो शाकाहाराचा आहे आणि दुधाचा पदार्थहि तोच ठिपका मिरवितो. व्हीगन पदार्थांसाठीं २०२२ च्या सरकारी नियमांन्वयें वेगळी खूण ठरली आहे. घरीं करावयाचा तर ४०० ग्रॅम मैदा (त्यांत चौथा हिस्सा कणीक चालेल), ५ ग्रॅम कोरडें यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम तेल आणि सुमारे २५० मिलिलिटर कोमट पाणी. भाजी पिळून निघालेलें पाणी ह्याच मापांत धरावें. बिटामुळें पाव गुलाबी होईल, मुलांस तो आवडतो. दहा मिनिटें चांगलें तिंबून, दुप्पट होईपर्यंत झांकून ठेवावें, आठ गोळे करून पुन्हां पाऊण तास फुगूं द्यावें, आणि २०० अंशांच्या भट्टींत पंधरा ते अठरा मिनिटें भाजावें. वर दूध लावण्याची चाल आहे. त्याऐवजीं पाव बाहेर काढल्यावर तेलाचा हात फिरवावा. यीस्ट हा प्राणी काय, असा प्रश्न वहिनींनींहि विचारला होता. तो नव्हे, तें अळंब्यांच्या जातींतलें सूक्ष्म बुरशीरूप आहे.

आंत काय लावावें? चीज आणि अंड्याचें मेयोनेझ दोन्ही बाद. भाजलेले शेंगदाणे पाण्यांत दोन तास भिजवून, सालें काढून, लिंबाचा रस, मीठ, किंचित् मोहरीची पूड आणि हिरवी मिरची घालून लोण्यासारखे वाटावे. थोडें थोडें तेल सोडीत वाटलें म्हणजे तें इतकें मऊ होतें कीं दुधाची आठवण होऊं नये. एका पावास हें, दुसऱ्यास कोथिंबीर-पुदिन्याची ओली चटणी. मध्यें काकडीची आणि टोमॅटोची चकती. कोबीचें पान घालावयाचें तर कच्चें असल्यामुळें तें नीट धुवून घ्यावें.

आतां मांसासारख्या दिसणाऱ्या बर्गराविषयीं. अमेरिकेंत २०१६ पासून असे बर्गर विक्रीस आले आहेत कीं ते वनस्पतींचे असून मांसासारखे लालसर दिसतात, त्यांतून रसहि गळतो. त्यांपैकीं एकांत सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत आढळणारें, रक्तांतील द्रव्याशीं नातें सांगणारें एक प्रथिन यीस्टकरवीं तयार करून घालतात. ज्यांनीं जन्मभर मांस खाल्लें आणि आतां तें सोडूं पाहतात त्यांना ही काठी उपयोगी पडत असेल; मी तीस नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्या घरांत रक्ताची चव कोणाच्या जिभेस ठाऊक नाहीं त्या घरानें तिची नक्कल विकत आणून खावी, हें माझ्या बुद्धीस पटत नाहीं. सुरण सुरणासारखाच लागावा.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनीं लहानांस निक्षून सांगितली पाहिजे, आणि ती रागानें नव्हे. ब-१२ हें जीवनसत्त्व १९४८ सालीं वेगळें काढण्यांत यश आलें. तें वनस्पतींतून भरंवशानें मिळत नाहीं. दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसांतहि त्याची उणीव आपल्या देशांत पुष्कळ आढळते, आणि पुण्यांत ह्या विषयावर वैद्यकीय संशोधन झालेलें आहे. मग ज्यानें दूधहि सोडलें त्याची गोष्ट बोलावयासच नको. ही उणीव हळूहळू येते. थकवा, हातापायांस मुंग्या, रक्ताची कमतरता, आणि फार दिवस दुर्लक्ष झालें तर मज्जातंतूंस कायमचा अपाय. टिक्कींत कितीहि डाळी घातल्या तरी ती भरून निघत नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी घेणें हाच त्यावर उपाय, आणि आमच्या नातीकडून ती एक अट घरानें मान्य करून घेतली आहे. चुन्याची म्हणजे कॅल्शियमची काळजी त्या मानानें सोपी. शंभर ग्रॅम नाचणींत तें साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास असतें, आणि न सोललेल्या तिळांत हजाराहून अधिक. बेसनाऐवजीं निम्मी नाचणी घातली तर टिक्की थोडी काळी दिसते, पण कवच अधिक कुरकुरीत येतें. रव्याबरोबर तीळ मिसळून घोळविली तर दिसावयासहि सुरेख.

थापलेल्या कच्च्या टिक्क्या झांकून शीतकपाटांत दोन दिवस राहतात. अधिक दिवस ठेवावयाच्या तर गोठवून ठेवाव्या आणि न वितळवितां तशाच मंद आंचेवर भाजाव्या. भाजलेल्या उरल्या तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां पावांत घालूं नयेत, त्या कोरड्या लागतात. ओल्या नारळाचा आणि चिंचगुळाचा पातळ रस्सा करून, उकळी आल्यावर त्या अखंड सोडाव्या, आणि दोन मिनिटांत पातेलें उतरवावें. भाताबरोबर हा रस्सा वहिनींना बर्गरापेक्षां अधिक आवडतो.